सुट्टीनंतरचे पहिले लॉग गायब, रीस्टार्ट केलं की सुरळीत: आरसिसलॉग फॉरवर्डिंगचं जुनं दुखणं

आधी लक्षणं सांगतो. ती जुळत असतील तरच पुढे वाचा.

पीथमपूरच्या कारखान्यातली लिनक्स मशीन्स आपले लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, इंदूरच्या ऑफिसातल्या लॉग सर्व्हरला पाठवतात. पाठवण्याचं काम आरसिसलॉग हा प्रोग्रॅम करतो. मधे दोन्हीकडे फायरवॉल, पाठवणी टीसीपीवर. आठवडाभर तक्रार नाही. सोमवारी सकाळी मात्र पहिल्या पाव-एक तासाच्या नोंदी सर्व्हरवर नसतात. कुणीतरी मशीनवर आरसिसलॉग रीस्टार्ट करतं, लॉग येऊ लागतात, आणि विषय पुढच्या सुट्टीपर्यंत मिटतो. रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दिवशी कारखान्यात कुत्रं फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी हटकून हेच रडगाणं.

याच्या जोडीला कधीकधी दुसरी तक्रार येते. ऑफिसची लाइन पडली की कारखान्यातल्या जुन्या मशीनवर लॉगिनच होत नाही. तिथल्या मेंटेनन्सवाल्या काकांचा फोन येतो, "अहो, पासवर्ड घेतो आणि तसाच बसून राहतो. मशीन गेलं का काय?" मशीन गेलेलं नसतं. दोन्ही तक्रारींचं मूळ लॉग फॉरवर्ड करण्याच्या सेटिंगमध्येच आहे, पण आधी पहिलीकडे बघू.

"चार ओळी गेल्या तर गेल्या" असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, तेही भारतातच. शिवाय नेमक्या याच ओळी जास्त कामाच्या असतात. सुट्टीत बंद पडलेलं काय होतं, सकाळी पहिल्यांदा कुणी लॉगिन केलं, कुणाचा पासवर्ड चुकला, हे सगळं त्या पाव तासातच असतं.

ओळ नेमकी कुठे हरवते

लॉगची ओळ चार ठिकाणी हरवू शकते: ती तयारच झाली नाही, मशीनवरून निघाली नाही, वाटेत गेली, किंवा सर्व्हरवर पोचली पण तुम्ही बघताय त्या फाइलमध्ये लिहिली गेली नाही. बहुतेक जण तिसऱ्यावर संशय घेतात आणि नेटवर्कवाल्याशी भांडत बसतात. तपासणी मात्र चौथ्यापासून उलटी केलेली बरी, कारण ती सगळ्यात स्वस्त.

सर्व्हरवर तारखेनुसार फाइली होत असतील तर फाइलचं नाव कुठल्या वेळेवरून ठरतंय ते बघा. आरसिसलॉगच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे ओळीचा किंवा फाइलच्या नावाचा साचा असतो त्यात, नुसतं इयर, मंथ, डे लिहिलं की ती सर्व्हरची चालू तारीख असते, ओळीतली नव्हे. शनिवारी अडकलेल्या ओळी सोमवारी पोचल्या तर त्या सोमवारच्या फाइलमध्ये जाऊन बसतात, आणि शनिवारची फाइल उघडणारा म्हणतो लॉग आलेच नाहीत. जुन्या बीएसडी पद्धतीच्या ओळीत, म्हणजे आरएफसी ३१६४ मधल्या, वर्षही नसतं आणि टाइमझोनही नसतो. एखादं मशीन यूटीसीवर राहिलं असेल तर त्याच्या नोंदी साडेपाच तास मागे दिसतात. सकाळी नऊची ओळ पहाटे साडेतीनच्या ओळींत शोधावी लागते. फॉरवर्ड करताना टेम्प्लेट 'आरसिसलॉग फॉरवर्ड-फॉरमॅट' ठेवा, म्हणजे वेळेसोबत टाइमझोनही जातो. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवून ठेवा. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत हेही सांगितलेलं आहे.

आता चाचणीची ओळ टाकायची. इथे एक खड्डा आहे. 'लॉगर' कमांडला नुसता मजकूर दिला की ओळ यूजर फॅसिलिटी (कुठल्या प्रकारची नोंद), नोटिस पातळी (किती गंभीर) अशी जाते. लाइन बारीक म्हणून तुम्ही जर फक्त ऑथप्रिव्ह (लॉगिनच्या नोंदी) आणि वॉर्निंगपासून वरचंच फॉरवर्ड करत असाल, तर ही ओळ गाळणीतच अडकणार. सर्व्हरवर काही दिसलं नाही म्हणून नेटवर्कला दोष द्याल आणि दिवस फुकट जाईल. डॅश पी देऊन लोकल-झिरो डॉट वॉर्निंग असं स्पष्ट सांगा.

ती ओळ तारेवर ओळखणं सोपं आहे. सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारी कमांड) लावा, पोर्ट ५१४, मजकूर दिसेल असा डॅश मोठी ए पर्याय देऊन. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी कोनी कंसात एक आकडा येतो. फॅसिलिटीच्या नंबराला आठाने गुणायचं आणि पातळीचा नंबर मिळवायचा, की तो आकडा निघतो. लोकल-झिरोचा नंबर १६ आणि वॉर्निंगचा ४, म्हणजे १३२. १३२ दिसलं तर ओळ आली. १३ दिसलं तर समजा कुणीतरी डॅश पी न देता चाचणी करतंय.

मधला मार्ग तपासायला लॉगरलाच डॅश एन देऊन सर्व्हरचा पत्ता द्या. मग स्थानिक आरसिसलॉग वगळून ओळ थेट सर्व्हरकडे जाते. ही पोचली आणि साधी पोचली नाही, तर दोष मशीनवरच्या आरसिसलॉगमध्ये. टीसीपीसाठी मोठी टी द्या आणि पोर्ट मोठ्या पी ने स्वतः लिहा, कारण टीसीपीत लॉगर आपणहून ६०१ पोर्टवर जातो, ५१४ वर नाही. या एका गोष्टीपायी फायरवॉलवाल्याला विनाकारण शिव्या खाव्या लागतात.

मूळ दुखणं: मेलेली जोडणी जिवंत दिसते

सोमवारी सकाळी, रीस्टार्ट करण्याच्या आधी, त्या मशीनवर 'एसएस डॅश टीएनओ' चालवून बघा. लॉग सर्व्हरच्या ५१४ कडे जाणारी ओळ शोधा. अवस्था 'एस्टॅब', म्हणजे जोडणी छान चालू. पण शेजारचा सेंड-क्यू, म्हणजे पाठवून पोच न आलेल्या बाइट्सचा आकडा, शून्य नाही. दर थोड्या वेळाने पुन्हा तीच कमांड द्या, तो वाढत गेलेला दिसेल, आणि ओळीच्या शेवटी टायमर 'ऑन' होऊन पुन्हा पाठवण्याचा आकडाही चढताना दिसेल. हा रोगाचा पुरावा. स्क्रीनशॉट काढून ठेवा, नेटवर्कवाल्याशी बोलताना उपयोगी पडतो.

होतं असं. सुट्टीत मशीनवर वॉर्निंगपासून वरचं काही घडत नाही, कुणी लॉगिन करत नाही, त्यामुळे जोडणीवरून तासन् तास एक बाइटही जात नाही. मधली फायरवॉल अशी पडून राहिलेली जोडणी ठरावीक वेळानंतर आपल्या तक्त्यातून काढून टाकते आणि दोन्ही टोकांना काही कळवत नाही. सोमवारी पहिली ओळ निघते, फायरवॉलला ही जोडणी ओळखीची नसते, ती पॅकेट गिळून टाकते. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा, नेटवर्कवर पाठवणी तोच करतो) पोच येईना म्हणून तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. 'टीसीपी-रिट्राइज-टू' या सेटिंगची मूळ किंमत १५ आहे. त्या हिशोबाने जोडणी मेली असं ठरवायला साधारण पंधरा मिनिटं लागतात. तोवर आरसिसलॉगच्या दृष्टीने सगळं ठीक चाललेलं असतं. त्याने ओळ कर्नलच्या हातात दिली, कर्नलने 'घेतली' म्हटलं. पत्र पेटीत पडलं म्हणजे पोचलं असं समजण्यासारखं आहे हे. पंधरा मिनिटांनी कर्नल हात टेकतो, त्याच्या बफरमध्ये साठलेल्या ओळी फेकल्या जातात, आरसिसलॉग नवी जोडणी करतं आणि पुढचे लॉग सुरू होतात.

म्हणजे रीस्टार्टने काही बरं होत नाही. पाव तास थांबला असतात तरी आपोआप चालू झालं असतं. रीस्टार्टने फक्त नवी जोडणी लवकर होते आणि बफरमधल्या ओळी थोड्या आधी हरवतात. दर वेळी 'रीस्टार्ट केलं, झालं' म्हणून तिकीट बंद केल्यामुळेच हे दुखणं वर्षानुवर्षं टिकतं.

काही फायरवॉल गप्प न बसता रीसेट, म्हणजे 'ही जोडणी तोडा' असा निरोप, पाठवतात. तिथे पाव तासाची फट पडत नाही, पण पहिली एखाद-दुसरी ओळ तरीही हरवते. ती तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय म्हणजे जोडणी झोपू द्यायची नाही. आरसिसलॉगच्या फॉरवर्ड ॲक्शनमध्ये (कॉन्फिगमध्ये लॉग पुढे पाठवायला सांगणारा भाग) 'कीप-अलाइव्ह' ऑन करा, म्हणजे रिकाम्या जोडणीवरही मधूनमधून पॅकेट जातं, आणि त्याची वेळही द्या. नुसतं ऑन केलंत तर लिनक्सचा मूळ आकडा ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास, लागू होतो. बऱ्याच फायरवॉल त्याच्या कितीतरी आधी जोडणी सोडतात. कीप-अलाइव्ह-टाइम ३०० सेकंद ठेवा. फायरवॉलची मुदत नेटवर्कवाल्याला विचारून घ्या आणि त्याच्या निम्म्याच्या आत राहा.

सर्व्हरच्या बाजूलाही कीप-अलाइव्ह लावा, हे बहुतेक विसरतात. लॉग सर्व्हर या जोडणीवर स्वतःहून काही पाठवत नाही, त्यामुळे पलीकडचा मेलाय हे त्याला कधी कळतच नाही. मेलेल्या जोडण्या साचत जातात. आरसिसलॉगच्या टीसीपी इनपुटची मूळ मर्यादा २०० जोडण्यांची आहे. ती भरली की नवं मशीन आत येऊ शकत नाही, आणि मग सर्व्हर रीस्टार्ट केला की 'जादू' होते. तुमच्याकडे सर्व्हर रीस्टार्ट करून बरं वाटत असेल तर आधी तिथल्या ५१४ वरच्या जोडण्या मोजा.

जुन्या सेंटओएस ६ वर आरसिसलॉग पाचव्या मालिकेतलं असतं, तिथे ही नवी सेटिंग लिहिण्याची पद्धतच नाही. ते मशीन बदला असं मी म्हणू शकतो, पण कारखान्यात मशीनला जोडलेलं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं आणि मालक ऐकत नाही, हे मलाही माहीत आहे. तिथे क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर दहा मिनिटांनी लॉगरची एक ओळ टाका, गाळणीतून जाईल अशा पातळीची. जोडणी जागी राहते, आणि दुसरा फायदा असा की सर्व्हरवर अर्धा तास ती ओळ आली नाही तर इशारा देणारी छोटी स्क्रिप्ट लावता येते. खरं तर नव्या मशीनवरही हे लावा. लॉग येत नाहीत हे सोमवारी डोळ्यांनी शोधण्यापेक्षा शनिवारी रात्री मेल आलेला बरा.

लाइन पडली की लॉगिन का अडकतं

आता काकांची तक्रार. लाइन पडली की ओळी हरवतात म्हणून कुणीतरी कुठूनतरी अर्धा उपाय आणून लावलेला असतो: 'रिझ्यूम-रिट्राय-काउंट' उणे एक. म्हणजे सर्व्हर मिळेपर्यंत प्रयत्न सोडायचे नाहीत. मूळ किंमत शून्य असते, तेव्हा सर्व्हर नसेल तर ओळ गुपचूप टाकून दिली जाते. उणे एक हे बरोबरच आहे, पण त्याच्यासोबत त्या ॲक्शनला स्वतःची रांग द्यावी लागते. ती दिली नाही तर रांगेचा प्रकार 'डायरेक्ट' राहतो, म्हणजे रांगच नाही. मग सर्व्हर सापडेपर्यंत मुख्य रांगेचा कामगार तिथेच अडकून पडतो. मुख्य रांग तुंबते, आणि स्थानिक फाइलमध्ये लिहिणंही थांबतं.

रांग काठोकाठ भरली की आरसिसलॉग प्रत्येक नव्या ओळीसाठी जागा होते का म्हणून दोन सेकंद वाट बघतं आणि मग ती टाकून देतं. जुन्या मशीनवर 'डेव्ह लॉग' हे सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅम आपल्या नोंदी जिथे टाकतात ते दार, थेट आरसिसलॉगच्या ताब्यात असतं. लॉगिन होताना एसएसएच, पॅम, एसयू हे सगळे त्या सॉकेटवर ओळी लिहितात, आणि लिहून होईपर्यंत थांबतात. पासवर्ड घेऊन प्रॉम्प्ट येत नाही तो याच्यामुळे. सर्व्हर इंदुरात बंद, आणि लॉगिन पीथमपुरात अडकतं.

सिस्टिमडीच्या नव्या मशीनवर ते सॉकेट जर्नलडी या सिस्टिमडीच्याच लॉग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे असतं आणि तो आरसिसलॉगसाठी थांबून राहत नाही, म्हणून लॉगिन अडकत नाही. बदल्यात ओळी सांडतात. जर्नलमध्ये 'फॉरवर्डिंग टू सिसलॉग मिस्ड' आणि पुढे आकडा असा शोध घ्या. सापडलं तर दुखणं तेच.

पूर्ण उपाय असा. फॉरवर्ड ॲक्शनमध्ये क्यू-टाइप लिंक्ड-लिस्ट, क्यू-फाइलनेम म्हणून काहीतरी नाव, क्यू-मॅक्स-डिस्क-स्पेस १ जीबी किंवा परवडेल तेवढं, सेव्ह-ऑन-शटडाउन ऑन, आणि रिझ्यूम-रिट्राय-काउंट उणे एक. फाइलनेम दिलं की मेमरी भरल्यावर रांग डिस्कवर उतरते. नाव दिलं नाही तर बाकी सगळं लिहूनही ती फक्त मेमरीतच राहते. दोन सर्व्हरना पाठवत असाल तर दोन वेगळी नावं द्या. एकच नाव दिलं की दोन रांगा एकमेकींच्या फाइली तुडवतात. सेंटओएस ६ वर हेच डॉलर चिन्हाच्या जुन्या पद्धतीने लिहायचं, आणि ते फॉरवर्डच्या @@ वाल्या ओळीच्या वर असलं पाहिजे. खाली लिहिलेलं पुढच्या ॲक्शनला लागतं.

रांगेच्या फाइली वर्क-डिरेक्टरीत पडतात. उबुंटूवर ती 'व्हार'च्या स्पूलमध्ये असते, रेडहॅट घराण्यात 'व्हार'च्या लिबमध्ये. उबुंटूवर आरसिसलॉग रूट म्हणून न राहता 'सिसलॉग' या यूजरने चालतं. त्या डिरेक्टरीची मालकी रूटकडे असेल तर रांग डिस्कवर उतरू शकत नाही, आणि हे तुम्हाला लाइन पडेल त्याच दिवशी कळतं.

एक गोष्ट मात्र ही रांग करत नाही. मेमरी भरेपर्यंत ओळी मेमरीतच असतात, आणि सेव्ह-ऑन-शटडाउन नीट बंद केल्यावरच लागू होतं. यूपीएसची बॅटरी संपून मशीन धाडकन बसलं तर त्या गेल्या. ज्या मशीनच्या एकाही ओळीवर पाणी सोडायचं नाही तिथे रांगेचा प्रकार सरळ डिस्क ठेवा आणि क्यू-चेकपॉइंट-इंटरव्हल १ द्या, नाहीतर रांगेचा हिशोब दर ओळीला डिस्कवर लिहिला जात नाही. वेग मार खातो, पण दिवसाला चार-दोन हजार ओळी असतील तर कुणाला जाणवणारही नाही.

बफरमध्ये अडकलेल्या ओळींचा प्रश्न तर रांगेनेही सुटत नाही, कारण त्या रांगेतून निघून कर्नलच्या हातात गेलेल्या असतात. साध्या टीसीपी सिसलॉगमध्ये 'ओळ मिळाली' अशी पोच सर्व्हरचा आरसिसलॉग देतच नाही. ती हवी असेल तर आरईएलपी ही पोच देणारी पाठवणीची पद्धत वापरा. दोन्हीकडे वेगळं पॅकेज टाकावं लागतं, पण पोच आली नाही तर ओळ पुन्हा पाठवली जाते. तुटक लाइनवर मी हल्ली साधा टीसीपी सिसलॉग लावायच्या भानगडीत पडतच नाही, थेट आरईएलपी. जोडणी तुटण्याच्या क्षणी काही ओळी दोनदा येऊ शकतात, त्यात काही बिघडत नाही.

बारीकसारीक, पण वेळ खाणारं

कॉन्फिग बदलून हॅप सिग्नल पाठवला आणि काहीच बदललं नाही? आरसिसलॉग हॅपवर फक्त फाइली बंद करून पुन्हा उघडतं, कॉन्फिग वाचत नाही. रीस्टार्टच हवा. त्याआधी 'आरसिसलॉगडी डॅश मोठी एन वन' ने कॉन्फिग तपासा, नाहीतर एका कंसापायी लॉगिंगच बंद पडेल.

रेडहॅट घराण्यात ५१४ सोडून मनाचं पोर्ट घेतलंत आणि 'परमिशन डिनाइड' आलं तर ते एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली जादा सुरक्षा, आहे. ते बंद करू नका. 'सेमॅनेज' ने ते पोर्ट सिसलॉगच्या यादीत घाला.

सर्व्हरची डिस्क भरली, जुन्या फाइली उडवल्या, तरी जागा मोकळी होत नसेल तर 'एलएसओएफ प्लस मोठी एल वन' चालवा. उडवलेली फाइल कुठल्यातरी प्रोसेसने अजून उघडी धरलेली दिसेल. लॉगरोटेटमध्ये (जुन्या लॉग फाइली बाजूला करणारा प्रोग्रॅम) रोटेट झाल्यावर हॅप पाठवण्याची ओळ गळालेली असण्याची शक्यता दाट.

मशीनवरच ओळी कमी दिसत असतील तर जर्नलडीची दरमर्यादा बघा. एखादा प्रोग्रॅम बरळत सुटला की जर्नलडी ठरावीक वेळात ठरावीक ओळींनंतर त्या सर्व्हिसच्या पुढच्या ओळी गाळतो आणि 'सप्रेस्ड' म्हणून नोंद करतो. मर्यादा वाढवण्याआधी तो प्रोग्रॅम का बरळतोय ते बघा. आणि डेबियन १२ नव्याने टाकलं असेल तर त्यात आरसिसलॉग मुळात येतच नाही, आधी ते टाकावं लागतं.

चाचणी घेतल्याशिवाय तिकीट बंद करू नका

शनिवारची वाट बघायची गरज नाही. मशीनवर आयपीटेबल्सने (लिनक्सचा स्वतःचा फायरवॉल) लॉग सर्व्हरकडे जाणारं ५१४ 'ड्रॉप' करा. 'रिजेक्ट' नको, त्याने लगेच एरर येते आणि खरी परिस्थिती उभी राहत नाही. मग एका लूपमध्ये लॉगरने एक ते पाच हजार असे क्रमांक घातलेल्या ओळी टाका. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून एसएसएचने लॉगिन करून बघा, विनाअडथळा झालं पाहिजे. वर्क-डिरेक्टरीत रांगेच्या फाइली दिसतात का बघा. पाच हजार ओळी मेमरीतच मावल्या तर दिसणार नाहीत, तेव्हा लूप मोठा करा. वीस मिनिटं तरी थांबा, म्हणजे पंधरा मिनिटांचा तो काळ पार होतो. मग नियम काढा आणि सर्व्हरवर क्रमांक मोजा.

साधा टीसीपी असेल तर सुरुवातीचे काही क्रमांक गायब असतील, ड्रॉप लावल्यावर जे कर्नलच्या बफरमध्ये गेले ते. आरईएलपी असेल तर सगळे हवेत. मधलेच क्रमांक गायब असतील तर मुख्य रांग किंवा दरमर्यादा, आणि शेवटचे गायब असतील तर मॅक्स-डिस्क-स्पेस कमी पडली.